दसऱ्याचा झेंडू, लीथ: २०२५च्या नोंदी

१९ जानेवारी २०२५, रविवार

गेल्या वर्षीचा हिशोब आधी लिहून ठेवते, नाहीतर याही वर्षी त्याच चुका करीन. मे महिन्याच्या शेवटी थेट वाफ्यात बी टाकलं. पहिली रोपं गोगलगायींनी खाल्ली, म्हणून जूनमध्ये पुन्हा टाकलं. झाडं कमरेएवढी झाली, हिरवीगार. १२ ऑक्टोबरला दसरा, आणि झाडांवर फक्त कळ्या, त्याही गच्च मिटलेल्या. तोरणाला शेवटी सुपरमार्केटमधली पिवळी शेवंती आणली. आईने व्हिडिओ कॉलवर बघून काही म्हटलं नाही. ती काही म्हणत नाही तेव्हाच जास्त लागतं.

मी दोष थंडीला दिला होता. इथे स्कॉटलंडमध्ये, एडिनबरात, जुलैतसुद्धा पारा सरासरी २० अंशांच्या वर जात नाही, त्यात आम्ही लीथला, शहराच्या बंदराच्या भागात, समुद्राच्या कडेला. पण नाताळच्या सुट्टीत वाचताना एक वेगळीच गोष्ट सापडली. मोठा झेंडू, ज्याला दुकानात ‘आफ्रिकन’ म्हणतात (आहे मेक्सिकोचा, आफ्रिकेशी संबंध शून्य), तो लहान दिवसांचा गडी. रात्र लांबली की तो कळी धरायची घाई करतो, दिवस लांब असले की नुसता पाला वाढवत बसतो. छोट्या मखमली झेंडूला असं काही नसतं. माहेरी नारायणगावला जूनमधला सगळ्यात मोठा दिवससुद्धा सव्वातेरा तासांचा. इथे साडेसतरा. रात्री दहाला सूर्य मावळतो आणि साडेचारला पुन्हा हजर. बिचाऱ्या झाडाला रात्र झाली हे कळायचं कधी?

म्हणजे खोट थंडीत नाही, उजेडात आहे. या वर्षी हे तपासून बघायचं. दसरा २ ऑक्टोबरला.

२३ फेब्रुवारी, रविवार

बी मागवलं. ‘क्रॅकरजॅक’ नावाचा उंच वाण, तीन फुटांपर्यंत जाणारा, पिवळा-केशरी मिसळलेला. आई म्हणाली, घरचं बी पाकिटात घालून पाठवते की. नको म्हटलं. भारतातून इथे बी आणायला रोगमुक्त असल्याचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. चार चिमटी झेंडवासाठी ते कोण काढणार? वडिलांना, अप्पांना, हे पटलं नाही. “झेंडवाला कसलं आलंय सर्टिफिकेट,” एवढंच.

जागा तीच. आमची इमारत चार मजली, दगडी, जुनी. मागे सगळ्यांची सामायिक हिरवळ, तिला इथे बॅक ग्रीन म्हणतात. कपडे वाळवायचे लोखंडी खांब मधोमध उभे. कडेचा चार बाय दहा फुटांचा तुकडा शेजाऱ्यांनी मला दिलाय, ‘खांबाला हात लावायचा नाही’ या अटीवर.

३० मार्च, रविवार. पाडवा

गुढी खिडकीत उभारली. योगायोग असा की आज पहाटेच इथली घड्याळं तासभर पुढे गेली. एक तास गेला आणि नवं वर्ष आलं.

४० बिया ट्रेमध्ये टाकल्या. पीट (दलदलीतला कुजका थर) नसलेली माती, वर पाव इंच व्हर्मिक्युलाइट (हलक्या खनिजाचा चुरा). झेंडू उगवायला २१ ते २४ अंश लागतात, ते इथे मार्चमध्ये फक्त रेडिएटरच्या वर मिळतात. ट्रे तिथे ठेवला. घरच्यांना बजावलं की त्यावर मोजे वाळत घालायचे नाहीत.

५ एप्रिल, शनिवार

३३ उगवल्या. अप्पांना फोटो पाठवला. उत्तर आलं: “पातळ कर.” अप्पा टोमॅटोवाले. झेंडू त्यांच्यासाठी मुख्य पीक कधीच नव्हतं, टोमॅटोच्या कडेने लावायचं सापळा पीक. फळ पोखरणारी अळी झेंडवाकडे वळते, मुळांतले सूत्रकृमी (धाग्यासारखे सूक्ष्म किडे) आटोक्यात राहतात, आणि दसऱ्याला फुलांचे पैसे होतात ते वेगळेच. त्यामुळे त्यांना माझ्या सगळ्या खटाटोपाची गंमत वाटते. राखणदाराची मी आरास करायला निघालेय.

१६ एप्रिल, बुधवार

खऱ्या पानांची पहिली जोडी आली. आजपासून प्रयोग सुरू.

१२ रोपं ‘अंधारातली’: संध्याकाळी सहाला ट्रे जिन्याखालच्या कपाटात, सकाळी नऊला बाहेर. म्हणजे उजेड नऊ तास, अंधार पंधरा. १२ रोपं ‘उजेडातली’: खिडकीतच, सध्या चौदा तासांचा दिवस आहे तो तसाच. बाकी ९ राखीव, तीही खिडकीत. फुलांची रोपं विकणारे मोठे उत्पादक ग्रीनहाउसमध्ये काळं कापड ओढून हेच करतात. माझ्याकडे कापडाऐवजी कपाट आहे, शेजारी व्हॅक्यूम क्लीनर.

झाड खरं तर दिवस मोजत नाही, रात्र मोजतं. अंधार मध्येच मोडला की मोजणी चुकते. त्यामुळे रात्री कपाट उघडून दिवा लावायचा नाही, असा घरात नियम झालाय. दोनदा मोडला. एकदा मीच.

१ मे, गुरुवार

पंधरा रात्री झाल्या. अंधारातली रोपं ठेंगणी, गडद. उजेडातली दीडपट उंच, थोडी लटपटीत. अजून कळी कुठेच दिसत नाही.

या वर्षीचा वसंत विलक्षण कोरडा आणि लख्ख आहे. इथे अशी सलग उन्हं कुणाला आठवत नाहीत. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी रोज गॅलरीसारख्या त्या चिंचोळ्या कठड्याशी येऊन सांगतात, “याची किंमत नंतर द्यावी लागेल.” ऊन पडलं की अपराधी वाटून घ्यायचं, ही इथली जुनी सवय.

११ मे, रविवार

रोपांना बाहेरची सवय लावायला सुरुवात. दिवसा बाहेर, रात्री आत, दोन आठवडे. हा कंटाळवाणा भाग, पण टाळला तर रोपं पांढरी पडतात. काल दुपारी हार आला. हार म्हणजे समुद्रावरून सरकत येणारं दाट धुकं, पूर्वेचा वारा सुटला की उन्हाळ्यातही येतं. दोन तासांत हवा सात-आठ अंशांनी गार. झेंडवाची पानं खालून जांभळट झाली. गारठ्यात मुळांना स्फुरद (फॉस्फरस) उचलता येत नाही, त्याची ही खूण. खत ओतून उपयोग नसतो, ऊब आली की आपोआप जाते.

२५ मे, रविवार

लागवड. कडेला बांबू लावून स्वीट पीच्या वेली सोडल्या आहेत. त्या मी ऑक्टोबरात पेरल्या होत्या, थंडीत बाहेरच होत्या, आणि काही न करता छातीपर्यंत आल्यात. स्वीट पीला गार हवा लागते. आज बाजारात दिसतात त्या मोठ्या फुलांच्या जातींचा पाया ज्याने एकोणिसाव्या शतकात घातला तो हेन्री एकफर्ड इथल्याच आसपास, एडिनबराच्या वेशीवर १८२३ साली जन्मला. थोडक्यात, माझ्या वाफ्यात एक पीक माहेरचं आहे आणि एक सासरचं, आणि लाड कुणाचे चाललेत ते उघड आहे.

अंधारातल्या बारापैकी नऊ रोपांच्या शेंड्यात बारीक कळी आहे! उजेडातल्यांत एकातही नाही.

२९ मे, गुरुवार

रात्री पाऊस आला, कित्येक दिवसांनी पहिला चांगला. सकाळी सात रोपांची नुसती देठं. बिनशंखाच्या गोगलगायी. त्यातली पाच अंधारातली. ती ठेंगणी होती, गोगलगायीच्या तोंडाशी.

रात्री अकराला, अजून आकाश पुरतं काळं झालेलं नसताना, टॉर्च घेऊन उतरले. ४० मिनिटांत ६३ गोगलगायी बादलीत. झेंडू म्हणजे यांची बासुंदी. आपल्याकडे लोक कीड पळवायला झेंडू लावतात हे इथल्या गोगलगायींना कुणीतरी सांगायला हवं.

उपायांबद्दल एकदाच लिहून टाकते. मेटाल्डिहाइडचे निळे दाणे ब्रिटनमध्ये २०२२च्या वसंतापासून बंद आहेत, आणि ते बरंच झालं, साळिंदरासारखे दिसणारे छोटे हेजहॉग आणि पक्षी त्याने मरायचे. आता मिळतात ते फेरिक फॉस्फेटचे. ते चालतात, पण पावसानंतर पुन्हा टाकावे लागतात. तांब्याची पट्टी, अंड्याची टरफलं, लोकरीच्या गोळ्या, सगळं मी गेल्या वर्षी केलं, पैसे वाया. गोगलगायींना मारणाऱ्या सूत्रकृमींचं द्रावण मातीत ओतायचा उपाय चांगला आहे (इथे सूत्रकृमी मित्र, नारायणगावात शत्रू, अप्पांना हे समजावताना फोनची बॅटरी संपली). मात्र तो लागवडीच्या आधी करायचा असतो. मी केला नव्हता.

राखीव नवातली सात रोपं रिकाम्या जागी लावली. उरलेली दोन तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना कुंडीत दिली. प्रयोगाची मात्र वाट लागली: अंधारातली ७, उजेडातली १७. बारा-बाराचं व्यवस्थित कोष्टक केलं होतं मी.

२१ जून, शनिवार

वर्षातला सगळ्यात मोठा दिवस आणि आजच पहिलं फूल उमललं, अंधारातल्या रोपाला. केशरी, पण गुंडीएवढं. एप्रिलमध्ये कपाटात काढलेल्या रात्री झाडाने दोन महिने लक्षात ठेवल्या.

उजेडातली झाडं दोन फूट झाली आहेत. कळी नाही.

अप्पा: “शेंडा खुड.” म्हटलं, शेंडा खुडला तर प्रयोग बिघडेल. “प्रयोग कसला, फुलं पाहिजेत का कागद?” निम्म्या झाडांचे शेंडे खुडले.

१२ जुलै, शनिवार

वाफ्याचं काही नाही. स्वीट पी रोज मूठभर कापते, कापलं नाही तर शेंगा धरते आणि फुलायची थांबते. सबंध जिना तिच्या वासाने भरलाय.

दुपारी बोटॅनिक गार्डनमध्ये गेले होते. तिथे जाताना दर वेळी एक गोष्ट मनात येते. या बागेच्या संग्रहात पुण्याजवळच्या दापोडीची चित्रं आहेत. अलेक्झांडर गिब्सन नावाचा स्कॉटिश डॉक्टर, जन्म १८००, कंपनी सरकारच्या नोकरीत मुंबई इलाख्यात आला आणि १८३८ साली दापोडीच्या सरकारी वनस्पती-उद्यानाचा प्रमुख झाला. पुढे १८४७ मध्ये इलाख्याचा पहिला वनसंरक्षकही. त्याने एका चित्रकाराकडून झाडाफुलांची १७०च्या आसपास चित्रं काढून घेतली. चित्रकार गोव्याकडचा पोर्तुगीज वळणाचा असावा असं मानतात. त्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. साहेबाचं नाव, झाडाचं लॅटिन नाव, सगळं आहे, हाताचं नाही.

गिब्सनची दुसरी बाग होती हिवऱ्याला, जुन्नर तालुक्यात. म्हणजे आमच्या शिवाराच्या शेजारी. इथला माणूस तिथे जाऊन परक्या मातीत काय काय रुजतं ते बघत होता, सरकारी पगारावर. मी इथे स्वखर्चाने, चार बाय दहात.

२६ जुलै, शनिवार

उजेडातल्या झाडाला पहिलं फूल. अंधारातल्यांपेक्षा ३५ दिवस उशिरा. पण काय फूल! मुठीएवढं, पिवळंधमक. खुडलेल्या झाडांना सात-आठ फांद्या, प्रत्येकीच्या टोकाला कळी.

म्हणजे माझा सिद्धांत खरा आहे. फक्त त्याचा मला काय उपयोग, हा प्रश्न आज पहिल्यांदा पडला. लवकर फूल आलं, ठीक. पण दसरा ऑक्टोबरात आहे. मला लवकर फूल हवंच कुठे होतं?

४ ऑगस्ट, सोमवार

फ्लोरिस वादळ. ऑगस्टमध्ये असलं वादळ इथे सहसा नसतं. संध्याकाळचा किल्ल्यावरचा ‘टॅटू’, म्हणजे लष्करी बँडचा खेळ, रद्द झाला. मी दुपारी ऑफिसातून निघू शकले नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार

उंच सतरापैकी तीन झाडं बुडातून मोडली. फूल पाण्याने जड होतं आणि देठ पोकळ, मग वारा लागतो कितीसा. अंधारातली सातही ठेंगणी झाडं जागच्या जागी उभी. उरलेल्या चौदांना बांबू बांधले, खरं तर जुलैतच बांधायचे होते. स्वीट पी जमिनीवर लोळतेय, तिला उचलून खांबाला बांधली. कपड्यांच्या खांबाला. अट मोडली, कुणी काही म्हणालं नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

अप्पांचा फोन. त्यांची योजना अशी: दसऱ्याच्या महिनाभर आधी झाडावरचं सगळं फूल आणि रंग आलेली प्रत्येक कळी तोडून टाकायची. झाड मग एकदम नवा तोडा देतं. तिकडे त्यांचा हिशोब कळीपासून फुलापर्यंत दहा-बारा दिवसांचा. इथे मी जुलैपासून एका फांदीला दोरा बांधून मोजतेय: रंग दिसलेल्या कळीला पूर्ण उमलायला १९ दिवस लागले, गार आठवड्यात २३. तेव्हा महिना नाही, पाच आठवडे धरायचे. २ ऑक्टोबरमधून पाच आठवडे वजा केले की येतो २८ ऑगस्ट. आणि गणपती २७ला. याहून सोयीचं काही असूच शकत नाही.

२६ ऑगस्ट, मंगळवार

सगळा तोडा काढला. ५४ फुलं. गणपतीच्या मखराला पहिल्यांदाच घरचा झेंडू. ज्या कळ्यांना रंग होता त्याही काढल्या, जीव वर आला होता. हिरव्या बारीक कळ्या ठेवल्या. झाडांना टोमॅटोचं पोटॅशवालं खत दिलं. अप्पांच्या लेकीने टोमॅटोचं खत झेंडवाला घातलं, हे त्यांना सांगितलं नाही.

७ सप्टेंबर, रविवार

एक गोष्ट मी हिशोबात धरलीच नव्हती. जूनमध्ये वाफ्यावर ऊन सकाळी दहा ते चार. आता जेमतेम साडेअकरा ते अडीच. सूर्य दक्षिणेकडे खाली खाली सरकतोय आणि समोरच्या इमारतीच्या धुराड्यांवर जेमतेम चढतोय. महिनाअखेरीस भर दुपारीही तो क्षितिजापासून ३१ अंशांवर असणार, चार मजली सावली सबंध हिरवळ गिळणार.

कळ्या आहेत, भरपूर. पण हिरव्या.

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना

१९ कळ्यांना रंग. घट मांडला, पहिली माळ स्वीट पीच्या शेवटच्या फुलांची. आईच्या तोंडावरून कळलं की हे चालत नाही, पण “असू दे, देवीला वास आवडेल,” म्हणाली.

अंधारातल्या झाडांची रया गेली आहे. जूनपासून फुलतायत, दमली. फुलं आता लिंबाएवढी, आणि दमट हवेत पाकळ्यांवर राखाडी बुरशी. फूल करड्या लोकरीसारखं दिसू लागलं की लगेच कापून कचऱ्यात, नाहीतर शेजारच्या कळीला लागते. पाणी सकाळीच आणि बुडाशीच घालायचं, फुलावर थेंब नको.

तिकडे अप्पांचा झेंडू पाण्यात. सप्टेंबरभर पाऊस कोसळतोय, फुलं झाडावरच काळी पडली. “तुझ्याकडेच मागवावा लागतोय यंदा,” म्हणाले. हसले, पण आवाज नेहमीचा नव्हता.

२९ सप्टेंबर, सोमवार

गेले चार दिवस उघडीप. रंग आलेल्या कळ्या धडाधड उमलतायत. हवामान खातं शुक्रवारी मोठं वादळ सांगतंय. दसरा गुरुवारी. एका दिवसाने वाचतोय.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

सकाळी साडेसातला कात्री घेऊन खाली. हात गारठलेले, फुलांवर दव.

चौदा उंच झाडांची ४७. सात ठेंगण्या झाडांची १३, त्यातली निम्मी आरतीच्या ताटातच शोभतील अशी. कात्री ठेवून वर येत होते तर तिसऱ्या मजल्यावरच्या आजी दारात, हातात कागदी पिशवी. त्यांच्या दोन कुंड्यांची ११ फुलं. त्यांची खिडकी दक्षिणेला, अडवणारं काही नाही, त्यांची फुलं माझ्यापेक्षा मोठी. “तुमचा सण आज आहे ना? भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलं होतं मी.” एकूण ७१.

तोरणाला ३० लागली. आंब्याच्या जागी पलीकडच्या कुंपणाची चेरी लॉरेलची पानं, तशीच लांबट आणि चकचकीत. विषारी असतात, म्हणून दारावरच, नैवेद्याजवळ नाहीत. सोन्यासाठी गिंकोची गळलेली पानं आणली होती, आपट्यासारखीच मधोमध चिरलेली, आणि वर पिवळी पडायला लागलेली. सायकलला हार, लॅपटॉपवर दोन फुलं. दहा फुलांची माळ आजींच्या दाराला.

आईने कॉलवर तोरण पाहिलं. “ते उजवीकडचं खाली आलंय, जरा वर घे.”

४ ऑक्टोबर, शनिवार

काल संध्याकाळपासून रात्रभर एमी वादळ, मोसमातलं पहिलं. सकाळी वाफ्यात एकही झाड सरळ नाही. तोरण आत आणून ठेवलं होतं.

२६ ऑक्टोबर, रविवार

घड्याळं मागे गेली. पाडव्याला घेतलेला तास परत मिळाला.

झेंडू उपटला. मुळं मातीतच बारीक करून टाकली. सगळ्यात मोठ्या सहा फुलांची वाळकी बोंडं आत रेडिएटरवर आहेत, इथल्या दमट हवेत बाहेर बी पिकत नाही. हा वाण संकरित नाही, तेव्हा बी बहुतेक तसंच निघेल.

कपाटाचा प्रयोग पुढच्या वर्षी करणार नाही. तो खरा निघाला आणि निरुपयोगी. गेल्या वर्षी फूल आलं नाही ते उजेडामुळे कमी आणि मी जूनमध्ये पुन्हा पेरल्यामुळे जास्त. मार्चच्या शेवटी पेरलं, जूनमध्ये शेंडा खुडला, ऑगस्टच्या शेवटी सगळं तोडलं, एवढं पुरतं. आणि ते सगळं अप्पांनी फोनवर तीन-तीन शब्दांत सांगितलेलं.

पण २०२६ला अधिक ज्येष्ठ आहे, दसरा २० ऑक्टोबरला जातो. तेव्हा सूर्य इमारतीआडच असणार आणि दव केव्हाही गोठू शकतं. तोडा १० सप्टेंबरच्या आसपास. चार झाडं तरी कुंड्यांत, आजींच्या खिडकीसाठी, त्यांना विचारलंय. शिवाय वाफ्यावर रात्री टाकायला फ्लीसची, म्हणजे थंडीपासून झाकायच्या पातळ कापडाची, पाच मीटर गुंडाळी. कपड्यांच्या खांबाला बांधता येईल.